तिकडचा ताप

३ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं दिली. म्हणाला, "काका, डोक्यातलं कागदावर काढा, माझं डोकं खाऊ नका." म्हणून आजपासून लिहितोय. शाळा चौथीत सुटली, अक्षरं पुढं माझी मीच गिरवली, तेव्हा चुकीला माफी असावी.

मी कवळ्या बनवतो. एक्केचाळीस वर्षं झाली. दाताचे डॉक्टर मला मिस्त्री म्हणतात, मग सगळे मिस्त्रीच म्हणायला लागले. वरचं घर, खाली कामाची खोली. दात कोरून पोट भरत नाही असं म्हणतात, माझं तर बसवूनच भरलं.

सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि ठकूचा फोन. माझी एकुलती लेक, परदेशात असते. तिला बाळ होऊन आज अकरा दिवस. पोटावर टाके आहेत, ते अजून ओले. जावई खाणीवर इंजिनिअर. साथ आली आणि खाणीचं फाटकच लावून घेतलं, आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. म्हणजे पोरगी ओली बाळंतीण आणि घरात एकटी. सकाळी चार तास एक नर्स येते, तेवढाच माणसाचा आवाज.

"बाबा, मुंगी रडायला लागली की मीपण रडते. दोघी मिळून रडतो." बाळाला मुंगी म्हणतात, फारच लहान जन्मली म्हणून.

"मग येऊ का मी?"

फोनवर काहीच नाही. मग म्हणाली, "नको बाबा. इथं साथ आहे. तुम्हाला काही झालं तर?"

पण ते 'नको' यायला किती वेळ लागला! मी जन्मभर लोकांच्या तोंडात डोकावतोय. जीभ एक म्हणते आणि जबडा दुसरंच, हे मला समजतं.

साथीचं काय, तर आमच्याकडे त्याला सगळे 'तिकडचा ताप' म्हणतात. धडधाकट माणसाला बहुतेक वेळा चार दिवस कणकण, तोंडात फोड, जीभ बधिर, वास येईनासा होतो, आणि मग माणूस उठून कामाला लागतो. म्हातारे आणि महिन्या-दोन महिन्यांची बाळं मात्र जात्यात. आपल्या देशात अजून एकही नाही. अठरा तारखेनंतर तिकडची विमानं बंद, असं रेडिओवर सांगतात.

म्हणजे पंधरा दिवसांत ठरवायचं. ठकूची आई असती तर आत्तापर्यंत पिशवी भरून दारात उभी राहिली असती.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी एक खलाशी आला. त्याचं जहाज सहा दिवसांपूर्वी लागलं, तेही तिकडच्याच बंदरातून. मला बरंच झालं, म्हटलं खरी बातमी मिळेल.

"काका, लोक उगाच घाबरतात. मीच बघा की, कसा ठणठणीत!"

वरच्या जबड्यात दात औषधालाही नाही, जहाजावर पडला तेव्हा गेले म्हणे. हिरडी लाल, वर दोन फोड. जुनी कवळी घासत असणार. नवी लगेच पाहिजे म्हणाला, लग्नाची मुलगी बघायला जायचंय. मी म्हटलं, तू मुलीला बघ, ती तुझे दात बघेल.

हातमोजे मी कधी घालत नाही. मोजा चढवला की बोट आंधळं होतं. हिरडीचा उंचवटा कुठं मऊ, कुठं कडक, हे कातडीलाच कळतं. चावा, म्हणजे वरचा-खालचा जबडा कसा जुळतो त्याचं माप, घेताना मेणाची पट्टी तोंडात बसवायची, चावायला सांगायचं, काढायची, पुन्हा गरम करून बसवायची. अशी चार-पाच वेळा. दर वेळी ती आधी माझ्या खालच्या ओठाला लावून बघतो. चटका बसायचा तर मला बसावा, गिऱ्हाइकाला नको. हे मला कुणी शिकवलं नाही, माझं मीच शोधून काढलंय. डॉक्टर दोनदा ओरडले, "मिस्त्री, हे घाणेरडं आहे!" पण त्यांच्या पेशंटांना विचारा, माझ्याकडे कुणाचं तोंड भाजलं का आजवर?

मंगळवारी ये म्हणून सांगितलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

झेरॉक्सवाल्याकडे आज साथीच्या सूचनांच्या पाचशे प्रती निघत होत्या. एक माझ्या हातात दिली.

"वाचा आणि घरी बसा."

"अरे, पोरगी एकटी आहे."

"तुम्ही जाऊन काय करणार? बाळाला दात आहेत का?"

"हसतील त्याचे दात दिसतील."

"तुमच्या गिऱ्हाइकांचे तेही दिसत नाहीत." असं म्हणून स्वतःच हसला. मग गंभीर झाला. "काका, खरंच सांगतो. तुमचं वय अडुसष्ट. तिकडं आजारी पडलात तर कोण उचलणार? ती बाळाला सांभाळेल का तुम्हाला?"

हे मनाला लागलं. मदतीला जायचं आणि आपणच लोढणं व्हायचं. संध्याकाळपर्यंत माझं 'नको जायला' असं ठरलं होतं. मग ठकूनं मुंगीचा फोटो पाठवला. जांभई देतेय. हिरड्या अगदी कोऱ्या, गुलाबी. इतक्या सुंदर हिरड्या मी जन्मात पाहिल्या नाहीत.

पुन्हा सगळं पाण्यात.

९ फेब्रुवारी, सोमवार

अंगात कणकण. शनिवारी प्रवासाआधीची सुई टोचून घेतली होती. जायचं नसलं तरी टोचून ठेवलेली बरी. सुई टोचली की अंग तापतंच.

चहा पाणचट लागला. साखर घातली, पुन्हा घातली, तरी तसाच. दूध भेसळीचं येतंय हल्ली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

खलाशी आला नाही. कवळी तयार करून, घासून, पाण्यात ठेवली होती. त्याच्या खोलीच्या मालकाला फोन केला, तर म्हणे दवाखान्यात नेलंय, पोटाचं काहीतरी. हल्लीची पोरं! बाहेरचं अरबट-चरबट खायचं, मग पोट धरून बसायचं. मुलगी बघणं राहिलं बिचाऱ्याचं.

डॉक्टरांकडे काम पोचवायला गेलो. त्यांना विचारलं, जाऊ का. हातातलं हत्यार खाली न ठेवताच म्हणाले, "मिस्त्री, अजिबात नाही. तिकडून घेऊन याल आणि इकडे वाटत सुटाल."

शिकलेला माणूस, पण बघा, पहिला विचार स्वतःच्या दवाखान्याचा.

जावयाचाही फोन आला, खाणीवरून. आवाज तुटत होता. "बाबा, तुम्ही येऊ नका. मी विनंती करतो. तिला वाईट वाटेल, पण मी समजावतो." चांगला मुलगा आहे. माझी काळजी करतो. पण त्याला काय ठाऊक, बाळंतपणानंतर बाई कशी होते. ठकूच्या वेळी तिची आई पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून निजायची.

जीभ जरा जड वाटते. कवळीचा गुलाबी रंग बसवताना जो द्रव वापरतो त्याची वाफ लागली की असं होतं. खिडकी उघडी ठेवायला हवी होती.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ठरलं. जाणार.

सकाळी ठकूला फोन केला. मागं मुंगीचं रडणं. मग एकदम म्हणाली, "बाबा, आज मी तिला पाळण्यात ठेवलं आणि दार लावून बाहेर जिन्यात बसले. अर्धा तास. ती रडत होती आणि मी ऐकत होते. मला भीती वाटते हो, बाबा."

"कसली?"

"माझीच."

आता यावर कुणाचा सल्ला घ्यायचा? झेरॉक्सवाल्याचा? मी म्हटलं, सोमवारच्या विमानानं निघतो. ती आधी "नको, नको" म्हणाली आणि मग इतकी रडली की माझा निर्णय बरोबर आहे याची खात्रीच पटली. माझं काय, पिकलं पान. तिकडचा ताप झालाच तर होऊ दे. मरणाला भिऊन लेकीला वाऱ्यावर सोडणारा बाप मी नव्हे.

हे लिहिताना छाती जरा फुगली, हे कबूल करतो.

झेरॉक्सवाल्यानं पासपोर्टच्या प्रती काढून दिल्या आणि तोंड फिरवून उभा राहिला. चुलीवर डाळ करपली होती, मला पत्ता नाही. त्यालाच रस्त्यावरून वास आला म्हणून धावत वर आला. मी म्हटलं, माझं नाक त्या द्रवानं कधीच मारलंय. "परवापर्यंत तर माझ्या मशीनची शाई जळली की तुम्हीच ओरडायचात," म्हणाला. वाद घालायची सवय आहे त्याला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

विमानतळावर लिहितोय. शेवटच्या विमानांपैकी एक, त्यामुळे अर्धं रिकामं. सगळे तोंड बांधून, एकमेकांकडे चोरासारखे बघतात.

एक फॉर्म भरायला दिला. ताप आहे का? नाही, उतरला, सुईचा होता. जीभ बधिर आहे का? आता ही तर धंद्याची जीभ. खरं लिहायचं म्हणजे मोठा निबंध लिहावा लागेल. 'नाही' वर खूण केली. साथीच्या देशातून आलेल्या माणसाशी जवळचा संबंध आला का?

इथं पेन थांबलं. खलाशी आठवला. पण संबंध म्हणजे एका घरात राहणं, एका ताटात जेवणं. मी त्याचं माप घेतलं. कामाला कुणी संबंध म्हणत नाही. न्हावी काय गावभराचा नातलग होतो?

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, आवरा ना, मागे रांग आहे."

'नाही' वर खूण केली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पोचलो. वाटलं होतं उतरल्यावर आठवडाभर डांबून ठेवतील. पण ज्या देशात साथ नाही तिथल्या माणसांना थेट सोडतात.

ठकू दारातच गळ्यात पडली. हाडं हाताला लागली पोरीची. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, अरुंद स्वयंपाकघर, खिडकीतून खाली बसचा थांबा दिसतो. सिंकमध्ये बाटल्यांचा ढीग. आधी तो धुतला. मग हात धुतले, साबणानं दोनदा, आणि मुंगीला घेतलं.

वजन म्हणजे काय, प्लास्टरच्या दोन साच्यांएवढं. माझं बोट धरलं. मी गालाचा, कपाळाचा, हाताचा मुका घेतला. ठकू हसत म्हणाली, "बाबा, खाऊन टाकाल तिला." किती दिवसांनी हसली असेल.

आलो ते बरं केलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

नर्सबाई आपल्याच भाषेची निघाली. चाळिशीची, बारकी, चेहरा सदा मास्कमध्ये. तिची दोन मुलं तिच्या आईकडे, तीन वर्षं भेट नाही. कौतुक वाटलं. पण बाई म्हणजे सरकारी कागद! आल्या आल्या मला मास्क दिला.

"काका, बाळाजवळ जाताना लावायचा."

"अहो, मी साथ नसलेल्या देशातून आलोय. साथ तुमच्याकडे आहे."

"तरी लावायचा."

ठकूचं दूध पुरत नाही, म्हणून वरचं बाटलीनं द्यावं लागतं. मी बाटली गरम केली, तिचं रबरी बोंड ओठाला लावून पाहिलं आणि मुंगीच्या तोंडात देणार, तेवढ्यात बाईंनी हातातून काढूनच घेतली.

"मनगटावर थेंब टाकून बघायचं. ओठाला नाही लावायचं!"

"मनगट काय सांगणार हो? मी जन्म ओठावर काढलाय."

तिनं ती बाटली ओतून दिली आणि बोंड उकळायला टाकलं. माझ्यासमोर. ती बारा वाजता जाते. बाराच्या पुढं माझं राज्य.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज अपमानाचा दिवस.

दूध तापायला ठेवून मुंगीशी बोलत बसलो. बाई आतून धावत आली, "काका, अहो घरभर जळका वास सुटलाय, तुम्ही शेजारीच बसलाय!" भांडं काळं झालं होतं. मग माझ्याकडे टक लावून बघत राहिली. "तुम्हाला वास येत नाही? कधीपासून? चव लागते का?" पोलिसासारखे एकामागून एक प्रश्न. मी द्रवाचं सगळं समजावून सांगितलं, एक्केचाळीस वर्षांचं. ती म्हणाली, "आ करा बघू."

मला! मला म्हणते आ करा! मी उठून बाल्कनीत गेलो.

थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला, ठकूला हळू आवाजात सांगत होती, "...तपासणी होईपर्यंत बाळाला त्यांच्याकडे देऊ नका, ताई." ठकू म्हणाली, "अहो, ते त्यांच्या कामामुळे आहे. आणि ते तर साथ नसलेल्या..." पुढचं ऐकू आलं नाही.

माझ्या नातीपासून मला तोडायला निघाली ही. ज्यासाठी जिवावर उदार होऊन आलो, ते हिच्या एका शब्दानं जाणार? आज ठकूनं मुंगीला माझ्याकडे दिलं, पण देताना एक क्षण थांबली. तो क्षण मी विसरणार नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

लिहू का नको असं झालंय. पण वहीशी खोटं बोलून काय मिळणार?

दुपारी खिडकीतून पाहिलं. बाई बसथांब्यावर, मास्क हनुवटीखाली, पाव खात होती. बाजूला एक माणूस उभा होता. मी ठकूला हाक मारली, पण ती येईपर्यंत बस निघून गेली.

मी सांगितलं, की बाई एका खोकणाऱ्या माणसाच्या तोंडाला तोंड लावून बोलत होती, मास्क काढून, चांगला अर्धा तास. आता माणूस होता हे खरं. खोकला की नाही, काच बंद होती, ऐकू आलं नाही. पण साथीच्या गावात माणूस खोकणारच. थोडं तिखट-मीठ लावलं, नाही असं नाही. पण जेवणही मिठाशिवाय घशाखाली उतरत नाही.

ठकू पांढरीफटक पडली. "आणि त्या मला शिकवत होत्या!" लगेच नर्स पाठवणाऱ्या कंपनीला फोन केला. उद्यापासून बाई नको.

पोरीच्या डोळ्यांत पुन्हा तो जुना विश्वास दिसला. बाबा आहेत म्हणून कळलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

बाई आपली पिशवी न्यायला आली. दारातच उभं केलं तिला. मला म्हणाली, "काका, थांब्यावर मी एकटीनं पाव खाल्ला. ते राहू दे. तुम्ही तपासून घ्या. माझ्यासाठी नको, बाळासाठी."

रागावलेलं माणूस काहीही बोलतं. जिभेला हाड नसतं.

आता दिवसभर मुंगी माझ्याकडे. ठकूला म्हटलं, जा, झोप. पाच तास झोपली पोरगी, दुपारी बारा ते पाच. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच, असं म्हणाली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मुंगी किती शहाणी झालीय! काल संध्याकाळपासून रडणंच बंद. डोळे मिटून मांडीवर पडून असते. दूधही थोडंच घेते, ओठाच्या कडेनं गळून जातं, पण हट्ट नाही, किरकिर नाही. ठकू म्हणाली, "इतकी गप्प कशी?" मी म्हटलं, "अगं, आजोबाचा हात लागला. तू आणि ती नर्स दोघी घाबऱ्या, म्हणून तीही घाबरी होती. बाळ घरातल्या माणसांचं मन बघतं."

अंग कोमट आहे. गुंडाळून ठेवलंय ना, म्हणून.

झेरॉक्सवाल्याला फोन करून बढाई मारली. म्हटलं, तू म्हणत होतास जाऊन काय करणार. तीन आठवडे रडणारं बाळ मी एका दिवसात गप्प केलं.

तो म्हणाला, "काका, तो तुमचा खलाशी वारला. तिकडच्या तापानं, आपल्याकडचा पहिला, असं म्हणतात. सरकारी दवाखान्याचे लोक तुमची खोली बंद करून गेलेत, औषध मारून. तुम्हाला शोधत होते."

वाईट वाटलं. तरणाताठा पोरगा. पण आता मी इतका लांब, मला शोधून काय उपयोग? ठकूला सांगितलं नाही. तिला आत्ता कुठं झोप यायला लागलीय.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी मुंगीचे ओठ निळे. हातपाय झटके देत होते. ठकू अनवाणी जिना उतरली, मी मागं. गाडी आली. आत फक्त आईला घेतलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

गेली. पस्तीस दिवसांची होती.

३ मार्च, मंगळवार

निरोपाला तिघांनाच सोडलं. जावई खाणीतून आला. फाटक शेवटी यासाठी उघडलं. त्यानं माझ्या पायाला हात लावला नाही की हातात हात दिला नाही. दुःखात माणसाला भान नसतं.

आरोग्य खात्याचा माणूस आला होता. बाळाजवळ कोण कोण होतं, विचारत होता. ठकूच्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून मीच सगळं सांगितलं. बाई, मास्क, बसथांबा, खोकणारा माणूस. त्यानं लिहून घेतलं. त्या बाईला त्याच दिवशी उचललं म्हणे, वेगळं ठेवलंय, आणि चौकशी संपेपर्यंत तिचं काम बंद. तिला परत पाठवतील बहुतेक. जातील दिवस, तिला तिची मुलं तरी भेटतील.

मग त्यानं ठकूचं आणि माझं रक्त घेतलं. कुणाला कधी होऊन गेला ते रक्तात कळतं म्हणे. मला विचारलं, काही त्रास होता का. मी द्रवाचं सांगितलं. त्यानं मान वर करून पाहिलं. पुन्हा सांगायला लावलं.

मनात नाही नाही ते येऊन गेलं. मन चिंती ते वैरी न चिंती. त्या विचारांवर मी पाणी ओतलं. आपल्या देशात तेव्हा साथच नव्हती, फॉर्मवर तसं छापलेलं होतं. छापलेलं खोटं असतं का?

एक गोष्ट मात्र आहे. दोन दिवसांपासून चव परत आलीय. काल सूप खारट लागलं. आज डोळ्यांतलं पाणी ओठावर आलं, तेही. काम बंद राहिलं, जीभ ताळ्यावर आली. एवढ्या दुःखात देव एका हातानं घेतो आणि दुसऱ्या हातानं काहीतरी परत देतो.

९ मार्च, सोमवार

सकाळी कागद आला. ठकूनं उभ्यानं वाचला. जावयाला दिला. त्यानं वाचला आणि तो जिना उतरून गेला. कोट इथंच, बाहेर एवढी थंडी.

मी म्हटलं, "काय लिहिलंय?"

ठकू माझ्याकडे बघत राहिली. माझ्याच लेकीचे डोळे, पण जणू मी रस्त्यातला कुणी. बारीक आवाजात म्हणाली, "आपलेच दात आणि आपलेच ओठ."

खरं आहे. परक्या देशात आपल्या भाषेची बाई, तिच्यावर विश्वास टाकला, आणि तिनंच घात केला. कुणाला सांगणार? मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती सरकली नाही, हललीही नाही. दगडासारखी उभी. मी म्हटलं, "पोरी, मनात विष ठेवू नकोस. मी त्या बाईला माफ केलंय. तूही कर. ती काय मुद्दाम आणणार होती?"

यावर ती हसली. आवाज न करता. मला बरं वाटलं, जरा मोकळी झाली म्हणून.

मग टेबलाशी बसली आणि विचारलं, "बाबा, तुमची जीभ नक्की कधीपासून बधिर होती? तिकडे असताना कुणी आलं होतं का तुमच्याकडे, इकडून गेलेलं?"

आता एक महिन्यापूर्वीचं कसं आठवणार? मी म्हटलं, "सगळं वहीत आहे. रोजचं लिहितो मी."

"मला द्याल वाचायला?"

मी पाहतच राहिलो. चौथी शिकलेल्या बापाचं लिखाण आजवर कुणी मागितलं नव्हतं. ठकूच्या आईनंसुद्धा नाही. एवढ्या दुःखात पोरीला बापाचं लिहिलेलं वाचावंसं वाटलं, यापेक्षा मोठं काय असतं? म्हटलं, आजचं एवढं पुरं करतो आणि देतो.

ती समोरच बसलीय. टक लावून, पेनाकडे बघत. घाई आहे तिला.

देतो, ठकू, देतो. अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घे. पण तारखा सगळ्या बरोबर आहेत.